एक गाठ, की दोन

गेली एकोणीस वर्षं मी माणसांना ‘हालू नका’ एवढंच सांगते आहे. पगार त्याचाच आहे, बाकीचं मशीन करतं. खामगावात एका एमआरआय सेंटरवर मी टेक्निशियन आहे. पेशंटला टेबलावर झोपवून मशीनमध्ये सरकवायचं, काचेच्या अलीकडे बसून बटणं दाबायची आणि फोटो निघाले की वरच्या मजल्यावर आमचे सर बसतात, त्यांच्याकडे पाठवायचे. सर ते वाचून रिपोर्ट लिहितात. तोवर माझा पुढचा पेशंट टेबलावर असतो. संध्याकाळी घरी गेल्यावर समोर कोणी पाय हालवत बसलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नवरा म्हणतो, तुझ्यापुढं श्वास घ्यायचीही चोरी झाली आहे. खोटं नाही बोलत तो.

माझं माहेर रोहिणखेडच्या बाजूचं. डिप्लोमाला पुण्यात होते तेव्हा माझं ‘मले-तुले’ ऐकून वर्गातल्या पोरी तोंडाला रुमाल लावायच्या, म्हणून मी ती बोली आवरून ठेवली. सरांशी अजूनही पुस्तकातलंच बोलते. पण माणूस त्या नळीत पडलेला असतो, कानाशी मशीन धडाधडा वाजत असतं, तेव्हा पुस्तकातली भाषा कोणाच्या कामाची? तिथं माझ्या तोंडून ‘हालू नका व माय, झालंच पाहा’ हेच निघतं.

गुडघे, मणके, डोकी हे रोजचं. स्तनांचा एमआरआय त्या मानानं कमी येतो, आणि आला की माझा जीव दडपतो. त्यात बाईला पालथं झोपावं लागतं. टेबलावर दोन खळगे असतात, त्यांत स्तन मोकळे सोडायचे, कपाळ उशीवर, दोन्ही हात डोक्याच्या पुढं. अर्धा तास तसंच पडायचं. आधी एक फोटो घेतात. मग शिरेतून औषध सोडतात आणि लगोलग तोच फोटो पाच-सहा वेळा घेतात. जिथं रोग असतो तिथं रक्त जास्त धावतं, म्हणून ते औषध तिथं आधी जाऊन बसतं. नंतरच्या फोटोतून आधीचा फोटो वजा केला की बाकी सगळं काळं होतं आणि फक्त ती जागा चमकत राहते. साधी वजाबाकी आहे.

पण वजाबाकी जमायची तर दोन्ही फोटो एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. बाई मधेच जवसाच्या दाण्याएवढी जरी सरकली, तरी जिथं काही नाही तिथं चमकायला लागतं आणि जिथं काही आहे ते त्या चमकेत हरवतं. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज आहे, रजिस्ट्रेशन म्हणतात त्याला. ते नंतरचा फोटो ओढूनताणून आधीच्या फोटोवर बसवतं. दोघी बायका लुगड्याची घडी घालताना कोपऱ्याला कोपरा लावतात, तसं. डोक्याचा फोटो असला तर सोपं जातं, कवटी हाडाची, अख्खी उचलून जागेवर ठेवली की झालं. स्तनात हाड नाही. एक बाजू दबते, दुसरी घसरते, म्हणून त्याला इथं थोडं, तिथं जास्त असं ओढावं लागतं. आणि ओढताना त्याला काय ठाऊक, की अमका ठिपका हालण्यामुळं आला आहे की रोगामुळं? दोन फोटो सारखे दिसले पाहिजेत एवढंच त्याला कळतं. सारखे दिसावेत म्हणून ते कधी कधी खरा ठिपकाही दाबून टाकतं.

ते बसवून द्यायला आलेला माणूस सांगून गेला होता, आता पेशंट हालला तरी टेन्शन घ्यायचं नाही. त्याचं काय जातं उंटावरून शेळ्या हाकायला! पण मला ते ऐकून हायसं वाटलं होतं, हेही खरं आहे. हालू नका, हालू नका म्हणून माझा घसा बसला होता आणि कोणीतरी म्हणत होतं, हालू द्या.

ती बाई आली तेव्हा तुरी भरत आल्या होत्या. पिंपळगाव राजाकडची, चाळिशी ओलांडलेली, घरचा भाजीपाल्याचा मळा. डाव्या स्तनात गाठ होती, तुकडा तपासून झाला होता, कॅन्सर निघाला होता. अकोल्याच्या सर्जननं तिला सरळ सांगितलं होतं. गाठ एकच असेल तर तेवढीच काढू, स्तन ठेवू. त्याच स्तनात दुसरीकडं आणखी एखादी असेल, तर अख्खा काढावा लागेल. ते पाहायलाच तिला आमच्याकडं पाठवलं होतं.

हे सगळं तिनं मला कपडे बदलायच्या खोलीत सांगितलं. बाहेर तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, कारण तिला घेऊन तिचे भासरे आले होते. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. गाडी त्यांचीच होती, आणि नवऱ्याला त्या दिवशी मळ्यात लाइटीची पाळी होती. आमच्याकडं भासऱ्यांसमोर बाईच्या डोक्यावरचा पदर ढळत नाही. आताच्या सुना नाही पाळत, पण तिच्या वयाच्या पाळतात, मीही सासरी पाळला आहे. तिचं वय, वजन, दुखणं, सगळं भासरेच सांगत होते आणि ती कपाळापर्यंत पदर ओढून जमिनीकडं पाहत होती. पाळी कधी आली होती हे विचारायला मी तिला आत नेलं, तेव्हा कुठं ती माणसात आली.

ब्लाउजचे हूक काढता काढता ती म्हणाली, “पोरीचं लगन हाय जी उन्हाळ्यात. मांडवात समद्या बाया माह्या छातीकडंच पाहतीन. एकच निंगू द्या, मॅडम.” जसं काही ते माझ्या हातात होतं.

तिला झोपवलं, हातात सुई लावून औषधाच्या पंपाला जोडली, बाहेर येऊन पहिला फोटो घेतला. तो छान आला. मग औषध सोडायची वेळ झाली. आत बोलायचं तर माइकचं बटण दाबून धरावं लागतं. मी बटण दाबलं आणि म्हटलं, आता हातात गार लागन, घाबरू नका, हालू नका. तेवढ्यात माझ्या पाठीमागं दार उघडून भासरे उभे. त्यांचा आवाज म्हणजे रानातून हाळी घातल्यासारखा. आणखी किती टाइम आहे, बाजारात काम आहे, असं काहीतरी विचारत होते. त्या दाराची कडी आतून लावायचा नियम आहे, आणि दिवसभर आत-बाहेर करून मला कंटाळा येतो म्हणून मी ती लावत नसे. मी वळून त्यांना झापलं, बाहेर बसायला लावलं. पुन्हा पाहिलं तर कॅमेऱ्यात बाईचा उजवा हात डोक्यावरून पुन्हा पुढं जागेवर जाताना दिसला. औषध गेलं होतं, मशीन सुरू झालं होतं.

स्कॅन संपल्यावर मी तिला विचारलं, हालल्या होत्या का? नाही म्हणाली. सगळेच नाही म्हणतात. माझ्यासमोर पडद्यावर वजाबाकीचा फोटो होता, आणि त्यात सगळ्या कडा खडूनं गिरवल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. तेच औषध त्याच दिवशी पुन्हा देता येत नाही. बाहेर तिघं ताटकळत होते, त्यातला एक मणक्याचा पेशंट कण्हत होता. मी रजिस्ट्रेशन लावलं. दोन मिनिटांत फोटो धुतल्यासारखा साफ झाला. एकच गाठ, ठसठशीत. पेशंट हालला होता, सुधारणा करून फोटो दिला आहे, असं कागदावर लिहायला हवं होतं. मी नाही लिहिलं. थकले होते, दुसरं कारण नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता मी तिचे मूळचे, न ओढलेले फोटो काढून बसले. एकामागून एक पुढं-मागं करत राहिले. औषधानंतरच्या फोटोंत खालच्या अंगाला, मोठ्या गाठीपासून बरीच लांब, ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरट जागा होती. औषधाच्या आधी ती नव्हती. सॉफ्टवेअरनं साफ केलेल्या फोटोतही ती नव्हती.

वर गेले तर सरांनी रिपोर्ट लिहून ठेवला होता, सही तेवढी बाकी. एकच गाठ. मी म्हटलं, सर, मूळ फोटो एकदा बघा. ते वैतागले, त्यांच्यापुढं आणखी ढीगभर पडले होते. पण पाहिले. बराच वेळ पाहिले. म्हणाले, शिरही असू शकते, हालल्याचाही परिणाम असेल, आणि खरंही असू शकतं. यावरून सांगता येत नाही. मग माझ्याकडं वळून विचारलं, “हालली होती, हे लिहिलं का नाही?”

मी म्हटलं, कंटाळा आला होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिला परत बोलवा म्हणाले.

कागदावर नंबर भासऱ्यांचा होता. त्यांनी फोनवर माझा पाणउतारा केला, मशीन तुमचं खराब आणि चकरा आम्ही मारायच्या का म्हणून. मी ऐकून घेतलं. मशीन खराब नव्हतं हे सांगायची हिंमत झाली नाही. आठ दिवसांनी ती पुन्हा आली, या वेळी नवऱ्याबरोबर, एसटीनं.

कपडे बदलताना मी दार लावून घेतलं आणि विचारलं, की त्या दिवशी हात काऊन गेला डोक्याकडं? रागावत नाही, पण मला कळलं पाहिजे. ती खाली पाहत म्हणाली, “भासऱ्यायचा आवाज आला जी. एकदम डोक्यावर. अन् मी अशी उघडी पडेल होती. हात गेलाच पदराले.” मग तिनं विचारलं, “ते आत आल्ते का, मॅडम?”

मला क्षणभर कळेचना ती काय विचारते आहे. मग कळलं. आठ दिवस ही बाई समजत होती, की भासरे तिच्या मागं उभे होते आणि त्यांनी तिला तसं पाहिलं. तेवढ्या आठ दिवसांत तिनं त्यांना रोज जेवायला वाढलं होतं. त्यांच्या समोरून येता-जाता काय झालं असेल तिचं, देव जाणे. कोणाला विचारणार होती? नवऱ्याला?

मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ते दारातच होते, आतलं काही दिसत नाही तिथून. माझं बोट बटणावर राहिलं म्हणून त्यांचा आवाज आत गेला. दाराला कडी मी लावली नव्हती. चूक माझी, ना त्यांची ना तुमची. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की मलाच रडू आलं. म्हणाली, “मंग तं बरं झालं.” मला शिव्या द्यायच्या सोडून बाई म्हणते, बरं झालं! त्यांना मात्र यातलं काही सांगू नका म्हणाली, उगीच त्यांच्या जिवाला लागेल.

त्या दिवशी कडी लावली, वर खुर्ची टेकवून ठेवली. बाहेर कोणी दार वाजवलं तरी उठले नाही. ती अशी पडून राहिली, की मधे एकदा मला शंका आली आणि मी पाठ खालीवर होते आहे ना ते कॅमेऱ्यात पाहून घेतलं. रजिस्ट्रेशनची गरजच पडली नाही. वजाबाकी केली आणि सगळं काळंभोर झालं, वर्षभरात इतका स्वच्छ फोटो माझ्या हातून निघाला नव्हता. त्या काळ्यात दोन जागा चमकत होत्या. एक मोठी आणि एक ज्वारीच्या दाण्याएवढी.

हातच्या काकणाला आरसा कशाला? वर पाठवायच्या आधीच मला कळलं होतं. आयुष्यभर हालू नका म्हणत आले, आणि त्या दिवशी वाटलं, हालली असतीस तर, बाई. सॉफ्टवेअरनं ते झाकून टाकलं असतं, मी पाहिलं नसतं, तू एकच गाठ घेऊन अकोल्याला गेली असतीस आणि मांडवात ताठ मानेनं फिरली असतीस. आणि तो दाणा आत राहिला असता. पुढचं मला चांगलंच ठाऊक आहे, मी असल्या बायकांचे पुढचेही फोटो काढते. तरी वाटलं. वाटतंच.

त्या दाण्याचीही सोनोग्राफीवर पाहून सुईनं तपासणी झाली. तोही त्याच रोगाचा निघाला. सगळे कागद एकत्र न्यायला नवरा-बायको पुन्हा आले, तेव्हा सरांनी दोघांना वर बोलावून समजावून सांगितलं, पहिल्या फोटोत एकच का दिसली तेही. अख्खा काढावा लागेल, पण वेळेवर सापडलं, हेही सांगितलं. नवरा खाली कागदांच्या फोटोकॉपी काढायला गेला आणि ती माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. कडी होती, तिनं वाजवली, मी उघडली.

पदर डोक्यावर होता, पण भासरे नव्हते म्हणून कपाळ मोकळं होतं. म्हणाली, “पयल्या वक्ती हालली तं एकच होती. मंग तुमी सांगतलं तशी मुर्द्यावानी पडून राह्यली, तं दोन झाल्या.”

मी म्हटलं, “आधीपासून दोनच होत्या, ताई. हालल्यानं दिसली नोती.”

“हाव. सायबानं सांगतलं,” ती म्हणाली. “पन ते आठ दिवस मले एकच होती.”

तुम्ही वाचाल, असं म्हणायचं होतं, पण ते ठरवणारी मी कोण? मी फोटो काढते. मी तिचा हात धरून नुसती उभी राहिले. तिच्या तळहाताला मेथीच्या जुड्या बांधून बांधून घट्टे पडले होते. आतल्या पेशंटचं स्कॅन संपलं होतं, मशीन थांबलं होतं, तरी मी गेले नाही.

खालून नवऱ्यानं हाक मारली. तिनं हात सोडवून घेतला, दोन पायऱ्या उतरली आणि परत वळून विचारलं, “आपरेशनच्या टायमाले तं भूल देतेत ना, मॅडम?”

“हाव, देतेत,” मी म्हटलं.

“मंग हालाचं भेव नाही,” ती म्हणाली, आणि पदर सारखा करून खाली गेली.